ग्रामसभा : गावचा कारभार व आपला वाटा
(उपदेशक व मंडळीतील वडीलधारे यांच्या अभ्यासासाठी पाठ)

गावचा कारभार कोण चालवितो, असा प्रश्न केला असता आपल्यापैकी पुष्कळ जण सरपंचाचे नाव सांगतील, काही ग्रामसेवकाचे सांगतील, आणि एखादा अनुभवी म्हातारा मान हलवून म्हणेल की, बळी तो कान पिळी. या तिन्ही उत्तरांत थोडथोडे तथ्य आहे. परंतु कायद्याचे उत्तर निराळे आहे. गावच्या मतदारयादीत ज्यांची ज्यांची नावे आहेत, त्या सर्व स्त्रीपुरुषांची मिळून जी सभा, तिच्यापुढे पंचायतीने आपल्या कारभाराचा हिशेब ठेवावयाचा असतो. त्या सभेचे नाव ग्रामसभा. आजच्या पाठात आम्ही तिच्याविषयी विचार करणार आहोत. नुसत्या कलमांचा पाठ लवकर विसरतो, म्हणून एक प्रत्यक्ष मुलूख डोळ्यांपुढे घेऊ. तो म्हणजे ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगरचा कॅम्प नंबर ५ आणि त्याच्या पलीकडे पसरलेला अंबरनाथ तालुका. शहर व खेडे यांची शीव तेथे इतकी जवळ आली आहे की, एकाचा कारभार दुसऱ्याच्या दारात कसा जाऊन पोहोचतो हे स्पष्ट दिसते.

१. मुलुखाची ओळख

कल्याणहून कर्जतच्या बाजूस रेल्वेने निघाले म्हणजे विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर व वांगणी अशी स्थानके क्रमाने लागतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळी कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. १९४७ च्या फाळणीनंतर सिंध प्रांतातून घरदार टाकून आलेल्या सुमारे एक लक्ष निर्वासितांस त्या छावणीच्या बराकींत आसरा देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसविण्यात आली, आणि जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून त्यास उल्हासनगर हे नाव मिळाले. नाव नवे आले, तरी छावणीचे आकडे लोकांच्या तोंडी तसेच राहिले. आजही पत्ता सांगताना 'कॅम्प एक' पासून 'कॅम्प पाच' पर्यंतच सांगतात. १९६० साली तेथे नगरपालिका झाली व १९९६ साली महानगरपालिका. २०११ च्या शिरगणतीत या नगराची वस्ती पाच लक्ष सहा हजारांवर भरली.

कॅम्प ५ हा रेल्वेच्या पूर्वेस, अंबरनाथच्या अंगास आहे. अंबरनाथ हे स्थान फार जुने. तेथील शिलाहार राजांच्या काळचे दगडी शिवमंदिर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चे आहे. अंबरनाथ व बदलापूर ही दोन्ही गावे १९८३ साली कल्याणच्या महानगरपालिकेत घातली गेली होती; १९९२ साली ती बाहेर पडली व तेथे स्वतंत्र नगरपरिषदा झाल्या. या शहरांच्या सभोवती, मलंगगडाच्या पायथ्यापासून बारवी धरणाच्या रानापर्यंत, जी खेडी व वाड्या आहेत त्यांचा कारभार ग्रामपंचायतींकडे आहे. वांगणीसारखे रेल्वे स्थानकाचे मोठे गावदेखील ग्रामपंचायतीचेच होय.

२. या मुलुखातील लोक

येथे एक जात, एक भाषा किंवा एक धंदा असे नाही. खाचरांत भात पिकविणारे आगरी व कुणबी हे जुने रहिवासी. डोंगराच्या कडेने ठाकूर व महादेव कोळी यांच्या वाड्या आहेत. त्यांचा आधार म्हणजे नाचणी, वरी व रानातील वस्तू. त्यांच्याहूनही गरीब ते कातकरी. खैराच्या झाडापासून कात काढण्याच्या धंद्यावरून त्यांस हे नाव पडले. तो धंदा गेला, कोळसा पाडण्याचे कामही गेले, आणि आज त्यांतील फार मोठा भाग दुसऱ्याच्या शेतावर व वीटभट्टीवर राबतो. सरकारने महाराष्ट्रातील ज्या तीन जमाती विशेष दुर्बल म्हणून नोंदल्या आहेत, त्यांत कोलाम व माडिया गोंड यांजबरोबर कातकरी आहेत. याशिवाय बौद्ध बांधवांच्या वस्त्या आहेत. कारखान्यांत व रेल्वेत नोकरी करणारी देशोदेशींची कुटुंबे आहेत. वांगणीस अंध बंधुभगिनींची मोठी वस्ती आहे, व त्यांतील बहुतेकांची मिळकत लोकलगाडीतील फेरीच्या धंद्यावर चालते. आपल्या मंडळींची घरे या सर्वांच्या शेजारी आहेत. म्हणून गावच्या कारभाराविषयी आपण बोलतो तेव्हा ते आपल्यापुरते बोलणे नसावे. शेजाऱ्याचाही त्यात समावेश असावा.

३. कारभाराच्या पायऱ्या

मुंबई इलाख्यात ग्रामपंचायतीचा पहिला स्वतंत्र कायदा १९२० साली झाला. आज जो चालू आहे तो १९५८ चा. बलवंतराय मेहता समितीने १९५७ साली खेड्यांच्या हाती सत्ता द्यावी अशी शिफारस केली. महाराष्ट्रात वसंतराव नाईक यांच्या समितीने त्यावर विचार केला, १९६१ साली जिल्हा परिषदांचा कायदा झाला व १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. पुढे २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायत व ग्रामसभा यांस राज्यघटनेतच स्थान मिळाले.

पायऱ्या तीन आहेत. गावास ग्रामपंचायत, तालुक्यास पंचायत समिती व जिल्ह्यास जिल्हा परिषद. २०१४ साली पालघर जिल्हा निराळा झाल्यावर ठाणे जिल्हा परिषदेखाली पाच पंचायत समित्या राहिल्या : शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण व अंबरनाथ. ग्रामपंचायतीत लोकसंख्येप्रमाणे ७ ते १७ सभासद असतात. २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. सरपंचाची निवड २०२२ पासून पुन्हा थेट मतदारांनी करावयाची आहे.

येथे एका गोष्टीचा खुलासा करणे अगत्याचे आहे, कारण आपल्या लोकांत तिजविषयी गैरसमज आढळतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख व बौद्ध यांसच मिळतो. त्या जातींतून ख्रिस्ती झालेल्यांस मिळत नाही. अनुसूचित जमातीस मात्र धर्माची अट नाही. म्हणून ठाकूर किंवा कातकरी मनुष्य ख्रिस्ती झाला तरी जमातीच्या राखीव जागेवर उभा राहू शकतो. ज्यांस राखीव जागा नाही त्यांनीही हे ध्यानात ठेवावे की, सर्वसाधारण जागेवर उभे राहण्यास व ग्रामसभेत बोलण्यास कोणत्याही धर्माची आडकाठी नाही.

४. ग्रामसभेचा अधिकार

ग्रामपंचायत म्हणजे निवडून दिलेले थोडे लोक. ग्रामसभा म्हणजे सगळा गाव. वर्षातून किमान चार ग्रामसभा भरविल्या पाहिजेत. त्या बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवशी किंवा त्यांच्या आसपास भरतात. सभेची सूचना सात दिवस आधी द्यावयाची असते व दवंडीनेही कळवावयाचे असते. नेहमीच्या ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र महिला सभा घ्यावयाची असते. सरपंच अध्यक्षस्थानी बसतो आणि झालेल्या कामाची नोंद ग्रामसेवक लिहितो; या कामगारास अलीकडे ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात.

या सभेपुढे वर्षाचा जमाखर्च येतो. पुढील वर्षी कोणती कामे करावयाची, याचा आराखडा तिच्यापुढे ठेवावा लागतो. घरकुलासारख्या योजनेत कोणाचे नाव धरावे, हेही तेथे ठरते. पैशाच्या बाबतीत दोन-तीन आकडे प्रत्येक उपदेशकाने पाठ करून ठेवावे. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या वस्तीसाठी व १० टक्के स्त्रिया व मुले यांसाठी खर्च करावी लागते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या मुदतीत गावांस जो निधी दिला, त्यातील ६० टक्के पाणी व स्वच्छता यांसाठीच बांधून दिलेला होता. आपल्या वाडीस नळ का नाही, असे विचारावयाचे असेल तर प्रथम हे विचारावे की, पाण्यासाठी आलेली रक्कम कोणत्या कामावर खर्च पडली. तक्रार पुष्कळदा हसण्यावारी नेली जाते. आकडा विचारला म्हणजे वही उघडावी लागते.

५. सभा रिकामी राहिली तर

आता पाठाच्या मुख्य भागाकडे येऊ. ग्रामसभेस मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० माणसे, यांतील जी संख्या कमी असेल तितकी हजर पाहिजेत. तितकी आली नाहीत तर सभा तहकूब होते. येथवर सर्वांस ठाऊक असते. पुढचे ठाऊक नसते. तहकूब सभा पुन्हा भरली म्हणजे त्याच विषयांसाठी संख्येची अट राहत नाही. पाच-दहा माणसे जमली तरी ठराव होतो, आणि तो साऱ्या गावाचा ठराव म्हणून वहीत चढतो. जो घरी बसला त्यानेही त्यास संमती दिली असेच कागद सांगतो. यास्तव, "आम्ही गेलोच नाही, मग आमच्यावर जबाबदारी कसली?" हे म्हणणे व्यर्थ होय.

या नियमाचा मार सर्वांत अधिक कोणावर बसतो ते पाहा. दिवाळी झाली म्हणजे कातकरी कुटुंबे भट्टीमालकाकडून उचल घेतात, झोपडीस काटी लावतात आणि लेकराबाळांसह वीटभट्टीवर जातात. ती पावसाच्या तोंडाशी परत येतात. २६ जानेवारी व १ मे या दोन्ही सभा नेमक्या या दिवसांत येतात! वाडी ओस असते, आणि त्या वाडीच्या वाटेचा, विहिरीचा, घरकुलाचा निर्णय तिच्यावाचून होतो. कोणी मुद्दाम कट करतो असे आमचे म्हणणे नाही. पंचांग व पोट यांची गाठ अशी पडली आहे, एवढेच. परंतु ही गाठ ध्यानी आली म्हणजे उपायही दिसू लागतो. १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या सभांच्या वेळी वाडी घरी असते. शिवाय पुढील वर्षाचा आराखडा तयार करण्याची मोहीम २०१८ पासून २ ऑक्टोबरच्या सुमारासच सुरू होते. तेव्हा वाडीची जी काही मागणी असेल ती या दोन सभांत लेखी मांडावी आणि ठरावात नोंदवून घ्यावी. मग माघ-वैशाखात माणसे भट्टीवर असली तरी त्यांचे म्हणणे वहीत राहते.

दुसरी एक बाब जमिनीची. आदिवासींच्या भागातील ग्रामसभांस १९९६ च्या कायद्याने, ज्यास लोक 'पेसा' म्हणतात, विशेष अधिकार मिळाले. परंतु तो कायदा अनुसूचित क्षेत्रापुरता आहे. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुका सबंध आणि मुरबाड व भिवंडी यांतील काही गावे त्या क्षेत्रात येतात. अंबरनाथ तालुका येत नाही. म्हणजे डोंगराच्या एका अंगाच्या ठाकरास जो आधार आहे, तो दुसऱ्या अंगाच्या ठाकरास नाही. म्हणून अंबरनाथकडील वाड्यांनी २००६ च्या वनहक्क कायद्याकडे अधिक लक्ष दिले पाहिजे, कारण तो कायदा क्षेत्र पाहत नाही. जो आदिवासी १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसत आहे, त्यास प्रत्यक्ष कसणुकीइतक्या, जास्तीत जास्त चार हेक्टर जमिनीचा हक्क मागता येतो. हक्कपत्र नवराबायको या दोघांच्या नावे होते. ती जमीन वारसास जाते, पण विकता येत नाही. आणि या हक्काची पहिली पायरी कोणती? ग्रामसभाच. ती १० ते १५ जणांची वनहक्क समिती निवडते, समिती दाव्याची पडताळणी करते, व मग सभा ठराव करते. त्या सभेस निम्मे लोक हजर असावे लागतात व हजर असणाऱ्यांत एक तृतीयांश तरी स्त्रिया असाव्या लागतात. ज्या गावची ग्रामसभा नीट भरत नाही, त्या गावच्या गरिबाचा दावा पहिल्या पायरीवरच अडतो.

६. शहराच्या शिवेवरील गाव

शहर वाढते तसे शेजारचे गाव त्यात ओढले जाते. कल्याणच्या आसपासच्या २७ गावांची कथा या दृष्टीने बोधप्रद आहे. आशेळे, माणेरे, द्वारली, भाल, वसार ही उल्हासनगरच्या लगतची गावे त्यांतलीच. १९८३ साली ही गावे महानगरपालिकेत गेली; लोकांनी वाढत्या करांविरुद्ध व सोयींच्या अभावाविरुद्ध चळवळ केली, तेव्हा २००२ साली ती बाहेर काढून पुन्हा ग्रामपंचायतींकडे दिली; २०१५ साली ती परत महानगरपालिकेत आली. २०२० साली त्यांतील १८ गावांची निराळी नगरपरिषद करण्याची अधिसूचना निघाली, ती उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केली. अशा रीतीने एकाच माणसाने घर न हलविता सदतीस वर्षांत कितीदा धनी बदलले ते मोजून पाहावे.

गाव शहरात जावे की न जावे, याचा निवाडा या पाठात करण्याचे आम्ही योजिले नाही. शहरात गेल्याने नळ, रस्ते व दवाखाने यांची आशा असते. मोठ्या संस्थेजवळ पैसाही मोठा असतो. परंतु गाव शहरात गेले म्हणजे सरपंच जातो व ग्रामसभाही जाते. पाच लक्ष वस्तीच्या नगरात सर्व नागरिकांनी एकत्र बसून जमाखर्च विचारावा अशी सभा नाही. प्रभागातील मतदारांच्या क्षेत्रसभेची तरतूद २००९ साली झाली आहे, पण ती गावच्या ग्रामसभेप्रमाणे लोकांच्या अंगवळणी पडलेली नाही. कॅम्प ५ मधील रहिवाशाने नगरसेवकाकडे जावे, अर्ज द्यावा व वाट पाहावी. त्याच्या शेजारच्या खेडेगावातील अत्यंत गरीब विधवा बाई मात्र भरसभेत उभी राहून सरपंचास जाब विचारू शकते. हा केवढा मोठा अधिकार आहे, हे तो हातचा गेल्यावरच पुष्कळांस कळते.

शहराचा संबंध गावाशी किती निकट असतो, याचे उदाहरण कचऱ्याचे घेऊ. उल्हासनगरचा कचरा पूर्वी म्हारळच्या बाजूस पडत असे. ती जागा भरली तेव्हा तो कॅम्प ५ च्या बाजूस येऊ लागला, आणि तेथील रहिवासी धूर व दुर्गंधी यांनी त्रासले. मग अंबरनाथ तालुक्यातील उसाटणे येथील जागेचा विचार झाला, तेव्हा तेथील ग्रामस्थांनी विरोध केला. कॅम्पातील मनुष्याचे दुःख खरे आहे व उसाटण्याच्या शेतकऱ्याची भीतीही खरी आहे. दोघेही गरीब, दोघेही शेजारी. आणि एकाची सुटका ती दुसऱ्याची अडचण होऊन बसते. अशा वेळी गावाने दगड हाती घेण्यापूर्वी लेखणी हाती घ्यावी. कोणती अट, किती अंतर, पाण्याच्या झऱ्याचे काय, हे ग्रामसभेत विचारून ठरावात लिहावे. ग्रामसभेच्या ठरावाने प्रत्येक सरकारी निर्णय फिरतो असे नाही. परंतु हरकतींची सुनावणी होते तेव्हा, किंवा प्रकरण न्यायालयात जाते तेव्हा, तारखेचा व सहीचा कागद बोलतो.

नेवाळीचे उदाहरण याच मुलुखातील आहे. दुसऱ्या महायुद्धात तेथील शेतकऱ्यांची जमीन विमानतळासाठी घेण्यात आली. युद्ध संपले, परंतु जमिनीचा वाद संपला नाही. शेतकरी कसत राहिले व मालकी संरक्षण खात्याची राहिली. जून २०१७ मध्ये कुंपणाच्या कामावरून तेथे मोठा दंगा झाला, वाहने जळाली, शेतकरी व पोलीस दोन्ही जखमी झाले. सत्तर वर्षांचा प्रश्न एका सकाळच्या आगीने सुटला नाही. गुन्ह्यांची प्रकरणे मात्र घराघरांत आली. कागदाचा मार्ग हळू आहे, हे आम्ही जाणतो. पण त्या मार्गाने जाणाऱ्याची मुले रात्री निजू शकतात.

७. उपदेशकाने काय करावे

पहिली गोष्ट : चारही सभांच्या तारखा प्रार्थनागृहाच्या भिंतीवर लिहून ठेवाव्या, आणि आधीच्या आठवड्यात घरोघर आठवण द्यावी.

दुसरी : सभेस जाण्यापूर्वी वाडीतील लोकांस, विशेषतः स्त्रियांस, एकत्र बसवून एकच मागणी निवडावी. दहा मागण्या केल्या म्हणजे एकही लिहिली जात नाही.

तिसरी : मागणी लेखी द्यावी व दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. ठराव झाला असेल तर त्याची नक्कल मागावी. ती न मिळाल्यास २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करता येतो.

चौथी : मतदारयादी पाहावी. भट्टीवर गेलेल्या, नवीन लग्न होऊन आलेल्या व नुकत्याच अठरा वर्षांच्या झालेल्या माणसांची नावे तीत आहेत किंवा नाहीत ते तपासावे. ज्याचे नाव यादीत नाही तो ग्रामसभेचा सभासदच नाही.

पाचवी : घरपट्टी भरून पावती जपून ठेवावी. पंचायतीच्या आकारणी वहीस नमुना ८ म्हणतात. त्यात घराची नोंद असली म्हणजे जमिनीची मालकी सिद्ध होते असे नाही. ती पाहण्यासाठी तलाठ्याकडील सातबारा किंवा गावठाणातील मिळकत पत्रिका लागते. हे दोन कागद निराळे आहेत, हे न कळल्यामुळे भोळी माणसे फसतात.

सहावी : उपदेशकाने स्वतः पुढारी होऊ नये. आज त्याने सर्वांच्या वतीने भाषण केले, तर उद्या त्याची बदली होताच वाडी पुन्हा मुकी होईल. लोकांस उभे राहून आपल्या तोंडाने दोन वाक्ये बोलण्यास शिकवावे. आणि जे एकास मागतो ते शेजारच्या वाडीसही मिळावे, मग ती आपल्या मंडळीची असो वा नसो, असे बोलण्यास शिकवावे. गावाचा विश्वास अशानेच बसतो.

अभ्यासासाठी प्रश्न

१. ग्रामपंचायत व ग्रामसभा यांत भेद कोणता?

२. तहकूब झालेल्या सभेचा नियम सांगा. त्यापासून तुमच्या वाडीस काय धोका आहे?

३. तुमच्या गावातून कोणकोणती कुटुंबे कोणत्या महिन्यांत बाहेर कामास जातात? चार सभांपैकी कोणत्या सभांस ती घरी असतात?

४. गेल्या वर्षी तुमच्या पंचायतीने मागासवर्गीयांसाठी ठेवलेला १५ टक्के पैसा कोणत्या कामावर खर्च केला? हे माहीत नसल्यास पुढील सभेत विचारून लिहून आणा.

५. तुमचे गाव शहराच्या शिवेवर असेल तर, शहरात गेल्याने काय मिळेल व काय जाईल, याच्या दोन याद्या करा.

६. मागील ग्रामसभेत तुमच्या मंडळीतील किती स्त्रिया हजर होत्या? त्यांतील किती जणी बोलल्या?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ ठिकाणी 'एकही नाही' असे येईल. तसे आल्यास लाजू नये. ते वहीत तारखेसह लिहून ठेवावे, आणि पुढील सभेनंतर त्याखाली नवा आकडा घालावा.